दोन ठोके

काचेपलीकडच्या माणसाने मांडीवर बोटं वाजवली, आणि मी डाव्या कानात सोडायचा आवाज उजव्या कानात सोडून बसलो. इतक्या वर्षांच्या नोकरीत असला गाढवपणा माझ्या हातून झाला नव्हता. मी कान तपासतो. डॉक्टर नाही, डॉक्टर वरच्या मजल्यावर बसतात, मी काढलेल्या आलेखाकडे नजर टाकतात आणि मान हलवतात. माझ्यासमोर यंत्र, यंत्रापुढे काच आणि काचेपलीकडे एक छोटी खोली, आतून चारी बाजूंनी जाड स्पंज लावलेली. पेशंटला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, अगदी बारीक ऐकू आलं तरी दाबा. मग मी आवाज सोडत जातो, मोठा, लहान, त्याहून लहान, ऐकू येईनासा होईपर्यंत. दिवसभर हेच. लोकांना जिथे ऐकू यायचं थांबतं ती जागा शोधून कागदावर खूण करायची. बायको म्हणायची, काय बाई मेलं काम तुझं. बरोबरच होतं तिचं.

हा माणूस सकाळी मुलीबरोबर आला तेव्हा मी त्याच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. फाइलीवरचं नाव वाचून डोक्यात काही पेटलं नाही. मुलगी म्हणाली, “हाक मारली तरी वळत नाहीत. टीव्ही एवढा मोठा लावतात की शेजारचे भिंतीवर ठोकतात.” त्यावर तो म्हणाला, “मला सगळं ऐकू येतं. हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात.” हे वाक्य माझ्याकडे येणारा प्रत्येक जण म्हणतो, त्यामुळे त्यातही काही विशेष नव्हतं. टक्कल, सुटलेलं पोट, चौकडीचा शर्ट. बाटल्या भरायच्या कारखान्यात जन्म गेला म्हणे. म्हणजे आलेख कसा येणार ते मला बटण दाबायच्या आधीच ठाऊक होतं. मी त्याला आत बसवलं, दार लावलं. मी आवाज सोडायच्या तयारीत होतो, तो वाट बघत होता, आणि वाट बघता बघता त्याच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर दोनदा पडली, डावा तळवा एकदा, आणि तळवा पडताना डावा खांदा किंचित उडाला, कुणीतरी मागून टपली मारल्यासारखा. असा खांदा उडवणारा माणूस जगात एकच होता. डबा.

खऱ्या नावाने आम्ही त्याला कधी हाक मारलीच नाही. डबा हे त्याचं नाव आम्हीच ठेवलेलं, कारण त्याचे पहिले ड्रम म्हणजे त्याच्या आईचे रिकामे डबे. आम्ही चौघं. गाणारा काकू, त्याचा आवाज फुटायला इतका उशीर झाला की फोनवर लोक त्याला काकू म्हणूनच नमस्कार करायचे. जाड तारांची गिटार वाजवणारा गप्प्या, त्याचं नाव का पडलं ते सांगायला नको. आणि साधी गिटार वाजवणारा मी मास्तर, कारण गाणं सुरू करताना एक-दोन-तीन-चार मी मोजायचो. डब्याच्या वडिलांचं गाद्यांचं दुकान होतं, आणि दुकानामागे कापसाची खोली. छतापर्यंत गाद्या रचलेल्या, कोपऱ्यांत कापसाचे गठ्ठे, हवेत सतत तरंगणारे तंतू. तिथे आम्ही वाजवायचो. तिथे ओरडलं तरी आवाज तोंडासमोरच मरायचा. बाहेर कुणाला काही ऐकू जायचं नाही, म्हणून तर वडिलांनी परवानगी दिली. “काय धिंगाणा घालायचा तो आत घाला,” म्हणाले, “गिऱ्हाइकाला कळता कामा नये.” आम्ही शिंकायचो, वाजवायचो, पुन्हा शिंकायचो. गंमत बघा, मी ही नोकरी बघायला आलो त्या पहिल्या दिवशी या स्पंजाच्या खोलीत उभं राहून खाकरलो आणि माझा खाकरा तोंडासमोरच मेला, तेव्हा मला एकदम नाकात कापूस गेल्यासारखं वाटलं. त्या दिवशी मी या कामाला हो म्हटलं. घरी मात्र पगार बरा आहे असं सांगितलं.

डब्याने बटण दाबलं. जाड, खालचे आवाज त्याला छान ऐकू येत होते. मी खाली मान घातली. पेशंटला आपले हात दिसू द्यायचे नसतात, नाहीतर हात हलला की तो बटण दाबतो आणि सगळी तपासणी पाण्यात जाते. तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा, डोक्यावर उरलेले केस पांढरे. तो मला कसा ओळखणार? आणि मी सांगत का नाही, अरे डब्या, मी मास्तर? सांगितलं असतं तर काय झालं असतं ते मला माहीत आहे. अरे वा, तू इथे, काय म्हणतोस, मुलं काय करतात, साखर आहे का, ब्लडप्रेशर आहे का. दोन मिनिटांत सगळं आटोपलं असतं. मला ते नको होतं. मला त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती, आणि ती मागून मिळणारी नव्हती. ती त्याच्या हातांतून आपसूक यायला हवी होती.

आमच्या त्या वयातल्या आवडीनिवडी म्हणजे एक नमुनाच. माझी ताई सकाळी केस विंचरताना गोड गोड गाणी लावायची, त्यांना आम्ही चिकट गाणी म्हणायचो आणि नाकं मुरडायचो. परक्या भाषेतलं, ज्यातलं अक्षर कळत नाही, तेच खरं संगीत, असा आमचा पक्का समज. डब्याच्या एका थोराड मावसभावाने आम्हाला एक लांबलचक गाणं ऐकवलं होतं, त्यात बराच वेळ नुसता वारा वाहायचा. चौघं डोळे मिटून बसायचो. पुढे काकूनेच एकदा कबूल केलं की त्याला त्यात झोप लागते, मग एकेक करून सगळ्यांनी कबूल केलं आणि आम्ही गाद्यांवर लोळून लोळून हसलो. चिकट गाणी मला आवडायची, ते मात्र मी कबूल केलं नाही. अजूनही सकाळी एकटा दाढी करताना ताईचीच गाणी तोंडात येतात. ऐकायला कुणी नसतं, तरी आवाज बारीकच ठेवतो.

आणि मग ते गाणं आलं. माझा मामा जहाजावर होता, त्याने एक कॅसेट आणून दिली. ताईच्या टेपरेकॉर्डरवर ती लावली, गाणं सुरू झालं आणि दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी टेपरेकॉर्डरने टेप खाल्ली. चौघं टेपरेकॉर्डरवर तुटून पडलो. पेन्सिलीने गुंडाळत गुंडाळत टेप बाहेर काढली, तर एवढासा तुकडा चुरगळून पार गेलेला. गप्प्याने एक शब्द न बोलता ताईची कात्री घेतली, तुकडा कापला, टोकं जुळवली आणि ताईच्याच नेलपॉलिशने चिकटवली. ताईने नंतर आमची जी काय पूजा बांधली ती बांधली. पण गाणं वाचलं. फक्त दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी दोन ठोके गेले. गाणं चालता चालता तिथे एकदम उडी मारायचं. पहिले काही दिवस ती उडी खटकली, मग खटकायची थांबली, आणि मग तीच त्या गाण्यातली सगळ्यात भारी जागा वाटायला लागली. आम्ही ते गाणं बसवलं ते उडीसकट. काकू ऐकू येतील तसे शब्द म्हणायचा, डब्याचे हात तिथे असे झेपावायचे की पोटात गोळा यावा, गप्प्या खाली बघत हसायचा, आणि मी पुढे मोजायचो. चौघं एकदम उडी मारून पलीकडे उतरायचो. कुणी सांगितलं असतं की खरं गाणं असं नाही, तर आम्ही म्हटलं असतं, मग खऱ्या गाण्याचंच चुकतंय.

सांगणारे भेटलेच म्हणा. शहराच्या त्या टोकाला मोठ्या सभागृहात स्पर्धा होती, तिथे आम्ही ते वाजवलं. आपला आवाज आम्ही पहिल्यांदाच मोकळा ऐकला, कापसाशिवाय, आणि आम्हीच दचकलो. तिथल्या पोरापोरींना ते गाणं तोंडपाठ होतं. अख्खं सभागृह टाळ्यांचा ठेका धरून आमच्याबरोबर चालायला लागलं. मला वाटलं, जिंकलो. मग उडी आली. आम्ही चौघं पलीकडे उतरलो आणि ते सगळे अलीकडेच राहिले. टाळ्या भलतीकडेच पडायला लागल्या, मग विस्कटल्या, मग हशा. दाढीवाल्या परीक्षकाने माइक ओढून दोन बोटं वर केली. “ड्रमवाल्याने दोन ठोके खाल्ले बुवा,” म्हणाला. “भूक लागली होती वाटतं.” परत येताना आम्ही रस्ताभर हसत होतो. काकू त्या परीक्षकाची नक्कल करत होता. काकू म्हणाला, “त्यांचं गाणं त्यांच्यापाशी, आपलं आपल्यापाशी.” मला ते फार आवडलं. आजवर कुणी बोललेल्या कुठल्याच गोष्टीवर मी इतका विश्वास ठेवलेला नाही. डबा त्या वाटेवर काय बोलला ते मात्र मी कितीदा आठवायचा प्रयत्न केला तरी आठवत नाही. त्यानंतर परीक्षा आल्या, मी शिकायला बाहेर गेलो, गप्प्याच्या वडिलांची बदली झाली. भांडण नाही, तंटा नाही. नुसते पांगलो.

“बटण दाबलं मी,” आतून डबा मोठ्याने म्हणाला. ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तसंच, सगळ्या जगाला सांगितल्यासारखं. मी हात वर करून बरोबर आहे अशी खूण केली. आता बारीक आवाज. पक्ष्यासारखे, शिट्टीसारखे. मी सोडत होतो आणि तो नुसता बसून होता. मी वाढवला. आणखी वाढवला. त्याच्या चेहऱ्यावर तो भाबडा आज्ञाधारक भाव होता, परीक्षेत प्रश्न वाचता येत नसलेल्या पोराचा असतो तसा. आलेखावरची रेघ कड्यावरून कोसळल्यासारखी खाली गेली. झांजेचा आवाज याच पट्ट्यात असतो. म्हणजे याला आता झांज ऐकू येत नाही. ठोका ऐकू येतो, ठोक्यावरची चमक गेली. किती वर्षांपूर्वी गेली असेल आणि त्याला कळलंही नसेल.

ते खरं गाणं मी नंतर हजारदा ऐकलं. दुकानांत, हॉटेलांत, फोनवर थांबा म्हणतात तेव्हा. दर वेळी दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी मी उडी मारतो. मारतो म्हणजे काय, ती मारली जाते. पायऱ्या संपल्यात असं वाटून पाऊल टाकावं आणि अजून एक पायरी निघावी, तसं होतं. एकदा बायकोबरोबर किराणा घेत होतो, वर कुठेतरी ते गाणं लागलं, मी सामानाच्या गाडीच्या दांड्यावर बोटं वाजवत होतो आणि चुकलो. ती हसून म्हणाली, “तुला तालाचं अंग नाही हं अजिबात.” मी तिथेच, साबणाच्या कपाटापाशी, सगळं सांगायला लागलो. टेप, कात्री, नेलपॉलिश, गाद्या. मनापासून सांगितलं. ती ऐकत होती, वाईट नव्हती ती. शेवटी म्हणाली, “बरं. धुण्याचा घ्यायचाय ना अजून?” पुढे आम्ही वेगळे राहायला लागलो त्याला हे कारण नव्हे, आमचं न पटण्याइतकंसुद्धा कधी भांडण झालं नाही. पण त्या दिवशी मला कळलं की ही गोष्ट सांगून कळणारी नाही. ती ज्यांच्या हातापायांत आहे त्यांनाच आहे, आणि ते म्हणजे आम्ही चौघं. गेल्या वर्षी फोनवर काकूचा फोटो आला, खाली तारीख. मी तो फोटो बराच वेळ बघत राहिलो, आणि मला काय वाटलं म्हणाल तर, आता तिघं उरले. लाज वाटली, पण हेच वाटलं. गप्प्याला मी लिहिलं, काकू गेला. त्याने कुठल्यातरी लांबच्या देशातून हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मी लिहिलं, उडी आठवते का रे? त्याने अंगठा पाठवला. बोलणारा तो कधीच नव्हता, पण अंगठ्याचं मी काय करू? अंगठ्यावरून काय समजायचं माणसाने?

म्हणून मला डब्याचे हात हवे होते. ते उडी मारताना दिसले असते, तर मी म्हटलं असतं, ठीक आहे, मी एकटाच वेडा नाही. रिकाम्या घरात परतल्यावर दिवा लावायच्या आधी मी रोज जरा वेळ तसाच उभा राहतो, का ते मला माहीत नाही. पण त्या दिवशी उभा राहिलो नसतो, एवढं नक्की.

तपासणी संपली. माझ्यासमोर छोटा माइक असतो, त्यातून पेशंटच्या हेडफोनमध्ये बोलता येतं. झालं, आता बाहेर या, एवढं बोलायचं असतं. मी माइकचं बटण दाबलं आणि माझ्या तोंडून निघालं, “एक, दोन, तीईन, चार.” तीन मी नेहमी लांबवायचो, काकू त्यावरून चिडवायचा. डब्याची मान वर झाली. मी थांबलो नाही, गिटारची सुरुवात खालच्या जाड आवाजात गुणगुणायला लागलो, तेवढा आवाज त्याला ऐकू जातो हे माझ्याच हातच्या आलेखात होतं. त्याचे हात मांडीवर आले. उजवा दोनदा, डावा एकदा, खांदा उडाला. देवा रे. काही गेलं नव्हतं. पहिलं कडवं आम्ही काचेच्या दोन बाजूंना बसून जसंच्या तसं वाजवलं, तो मांडीवर आणि मी तोंडाने, आणि माझ्या नाकात कापूस जायला लागला, मास्कच्या आत श्वास गरम झाला, चष्म्यावर धुकं आलं तर मी चष्मा काढून टाकला. कडवं संपत आलं. आता. मी उडी मारली.

त्याचे हात सरळ चालत राहिले. दोन ठोके, स्वच्छ, जिथल्या तिथे, आणि मग पुढचं कडवं. मी पलीकडे उतरलो होतो आणि तो अलीकडून शांतपणे चालत येत होता.

मी माइकचं बटण सोडलं. त्याने हेडफोन काढले, दार ढकलून बाहेर आला, माझ्या मास्ककडे बोट दाखवून म्हणाला, “काढ ते. मास्तर ना तू?” मी मास्क काढला. त्याने माझ्या पाठीत एवढ्या जोरात धपका घातला की टेबलावरचं पेन पडलं. “लेका, टकला झालास की! मगाचपासून बघतोय मी, हा माणूस मुंडी खाली घालून काय करतोय.” तो हसत होता, मीही हसत होतो. मग त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि जरा गंभीर होऊन, लहान भावाला सांगावं तसं सांगितलं, “पण तिथे दोन ठोके असतात रे.”

“माहीत आहे,” मी म्हणालो.

“मी शिकलो ते नंतर,” तो म्हणाला. त्याने माझं बोलणं ऐकलं नव्हतं. “त्या दाढीवाल्याने सगळ्यांसमोर माझी काढली ना. तुम्ही हसत होतात, मला रडू येत होतं. गाद्यांच्या खोलीत जाऊन रडलो. मग चौकात ते कॅसेटचं दुकान होतं, तिथे जाऊन उभा राहायचो. दुकानदार ते गाणं लावायचा दिवसातून कितीदा तरी. हात खिशात घालून, खिशातल्या खिशात वाजवायचो. उडी हातातून जाता जात नव्हती. पण घालवली. तुम्हाला सांगायला तुझ्या घरी आलो होतो, म्हटलं आता पुन्हा जाऊ स्पर्धेला, नीट वाजवू. तुझी ताई म्हणाली, तो गेला शिकायला.”

मला ताईने कधी सांगितलं नव्हतं. विसरली असेल. मी जे इतकी वर्षं जपलं, ते त्याने महिनोन् महिने खपून हातातून उपटून टाकलं होतं. मला वाटत होतं ते आमचं आहे. त्याच्या लेखी ती त्याची फजिती होती, फक्त त्याची, आणि आम्ही तिघं तिच्यावर रस्ताभर हसलो होतो.

“मी अजून तसंच वाजवतो,” मी म्हणालो. “मला तसंच येतं.”

“काय?” त्याने तळवा कानामागे धरला.

“काही नाही. थोडं मशीन लागेल कानाला. डॉक्टर सांगतील.”

तेवढ्यात मुलगी दार लोटून आत आली. “बाबा, तुम्ही ओळखता यांना?”

“अगं, हा मास्तर! आमचा बँड होता.”

“बँड?” ती माझ्याकडे आणि मग त्याच्या पोटाकडे बघून हसायला लागली. “तुमचा? कधी बोलला नाहीत ते!”

“त्यात बोलण्यासारखं काय आहे,” डबा म्हणाला, आणि तो हे अगदी सहज म्हणाला. मुलीने माझा नंबर तिच्या फोनमध्ये घेतला. “ये की घरी,” तो म्हणाला, “जेवायलाच ये.” मी येतो म्हणालो. तो वर डॉक्टरांकडे गेला. जिन्यावर त्याचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता, मुलीला काहीतरी सांगत होता, बहुधा मला टक्कल पडल्याचं.

पुढच्या पेशंटला वेळ होता. मी स्पंजाच्या खोलीत गेलो, दार लावलं आणि त्याच्याच खुर्चीत बसलो. खुर्ची अजून गरम होती. मी मांडीवर हात ठेवले आणि मोजलं. कडव्याच्या तोंडाशी आलो आणि उडी मारली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा उडी. तिसऱ्यांदा मी दात आवळले, हात वरच्यावर धरून ठेवले आणि ते दोन ठोके जाऊ दिले. नीट गेले. त्या दोन ठोक्यांत काकू नव्हता, खाली बघून हसणारा गप्प्या नव्हता, त्या जागेत डब्याशिवाय आमच्यापैकी कुणी कधी गेलंच नव्हतं. मी पुन्हा मोजायला सुरुवात केली.